जनगणनेआधी कोल्हापूरने आपली माणसे नीट पाहावीत

प्रति,
मा. संपादक,
वाचकांचा पत्रव्यवहार

विषय : कोल्हापूर शहराची बदललेली लोकवस्ती आणि येणारी जनगणना

महोदय,

कोल्हापूरची हद्दवाढ, म्हणजे लगतची गावे महापालिकेत घेणे, व्हावी की होऊ नये, यावर आपल्या वृत्तपत्रात गेली अनेक वर्षे बातम्या, निवेदने आणि पत्रे येत आहेत. एका बाजूने कृती समितीचे मोर्चे निघतात, दुसऱ्या बाजूने गावे बंद पाळली जातात, आणि निवडणूक जवळ आली की दोन्हीकडचे नेते दोन्हीकडे मान डोलावतात. या सगळ्यात शहराचा आकार किती असावा यावर पुष्कळ बोलून झाले. पण या शहरात आज कोण राहते, ती माणसे कोणत्या वयाची आहेत, कोठून आली आणि संध्याकाळी कोठे परततात, यावर फारसे कोणी बोललेले माझ्या वाचनात नाही. मी महापालिकेच्या प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक असून २००१ आणि २०११ च्या जनगणनेत शहराच्या जुन्या पेठांत प्रगणक म्हणून हिंडलो आहे. नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे आणि त्याआधीच्या घरयादीसाठी देशभरात एप्रिल ते सप्टेंबर २०२६ हा काळ नेमून दिलेला आहे. त्या निमित्ताने काही गोष्टी वेळेवर नोंदवाव्यात म्हणून हे पत्र.

आधी आकडे. २००१ मध्ये महापालिका हद्दीची लोकसंख्या ४,९३,१६७ होती, २०११ मध्ये ती ५,४९,२३६ झाली. दहा वर्षांतली ही वाढ ११.४ टक्के भरते, तर त्याच दशकात राज्य जवळपास १६ टक्क्यांनी वाढले. यावरून कोल्हापूर थंडावले, असा निष्कर्ष अनेकांनी काढला आणि तो अजूनही भाषणांत ऐकू येतो. तो काढणाऱ्यांनी एकदा सकाळी नऊच्या सुमारास कळंब्याच्या किंवा पाचगावच्या रस्त्याला उभे राहून शहरात शिरणाऱ्या दुचाकींची रांग पाहावी. १९७२ मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली, पण हद्द होती तिथेच राहिली. त्या ६६.८२ चौरस किलोमीटरच्या रेषेला टेकून उचगाव, मोरेवाडी, पाचगाव, उजळाईवाडी, सरनोबतवाडी, शिंगणापूर ही गावे अशी वाढली, की कोणत्या घरात महापालिकेचे नळ-कनेक्शन आणि कोणत्या घरात ग्रामपंचायतीचे, हे पावती पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. २०११ च्या जनगणनेने ‘कोल्हापूर नागरी समूह’ म्हणून जो आकडा दिला तो ५,६१,८३७ होता, म्हणजे महापालिकेपेक्षा जेमतेम साडेबारा हजारांनी जास्त. उचगावहून सकाळच्या केएमटीने (महापालिकेच्या बसने) एकदा जरी प्रवास केला असेल, तर या फरकावर कोणाचाही विश्वास बसायचा नाही.

हद्दवाढीऐवजी २०१७ मध्ये ४२ गावांचे नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झाले, त्याच्या कामगिरीबद्दल मी येथे लिहीत नाही. गावकऱ्यांचा विरोध निव्वळ आडमुठेपणाचा आहे, असेही मला वाटत नाही. घरफाळा वाढणार, हक्काचा सरपंच जाणार आणि त्या बदल्यात काय मिळणार, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. हद्दीतल्याच उपनगरांना सगळ्या सोयी अजून पोचलेल्या नाहीत, हे त्यांना रोज दिसते. माझे म्हणणे एवढेच, की हद्द जिथे असेल तिथे असो, पण माणसांचा हिशेब मांडताना तिच्यापाशी थांबून चालणार नाही.

आता पेठांकडे येतो, कारण तिथला बदल मी जवळून पाहिला आहे. मंगळवार पेठेतल्या एका बोळात २००१ मध्ये मी एका घराचा फॉर्म भरला होता, तेव्हा एका जोत्यावर चार भावांच्या चार चुली होत्या आणि पोरांची नावे लिहिताना तक्त्यातल्या ओळी अपुऱ्या पडल्या होत्या. पुढच्या जनगणनेत तिथे दोन चुली उरल्या. एक भाऊ साने गुरुजी वसाहतीकडे, दुसरा थेट पाचगावला बंगला बांधून गेलेला. आज त्या घरात थोरले दांपत्य तेवढे राहते. पुढची सोप्याची जागा मोबाईल दुरुस्तीच्या दुकानाला गाळा म्हणून दिली आहे, माडीवरच्या खोल्यांना कुलूप आहे आणि ते दिवाळीत व गणपतीला उघडते. एक मुलगा हिंजवडीला, दुसरा बंगळुरूला. दुपारी सुनेचा व्हिडिओ कॉल येतो तेव्हा आजी फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवतात आणि नातवाशी बोलता बोलता भाजी निवडतात. हे एकट्या घराचे चित्र नाही. शुक्रवार, बुधवार, शिवाजी पेठ, कोठेही बोळात शिरून वरच्या मजल्यांच्या खिडक्या पाहाव्यात, बंद किती आणि उघड्या किती ते कळते.

पुण्याला जाण्याची आपली परंपरा तशी जुनीच. १९२९ मध्ये येथे निघालेली ‘प्रभात’ फिल्म कंपनीसुद्धा चारच वर्षांत, १९३३ मध्ये, पुण्याला गेली. फरक असा, की त्या काळी जाणारे मोजके होते आणि मागे भरलेली घरे होती. आज जाणारा हा घरातला एकुलता एक किंवा दोघांपैकी एक असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्राचा एकूण जननदर (एका स्त्रीला सरासरी होणारी मुले) १.७ आला, म्हणजे पिढीची जागा पिढीने भरून काढण्यासाठी लागणाऱ्या २.१ च्या बराच खाली. राज्यात साठीपुढच्यांचे प्रमाण २०११ मध्येच ९.९ टक्के होते, देशात तेव्हा ते ८.६ टक्के होते. पेठांत ते राज्याच्या सरासरीइतकेच असेल, असे मला तरी वाटत नाही.

वयाची ही ठेवण रोजच्या जगण्यात कोठे टोचते, ते पुराच्या दिवसांत उघडे पडते. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आकडे कोल्हापूरच्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. २०१९ आणि २०२१ मध्ये नदी पंचावन्न फुटांच्या पुढे गेली, उपसा केंद्रे पाण्याखाली गेली आणि चहूकडे पाणी असलेल्या शहरात नळ कोरडे पडले. सुतारवाडा, कुंभार गल्ली येथील कुटुंबांना हलवावे लागते, हे सर्वांना ठाऊक आहे आणि त्याची यंत्रणा बऱ्यापैकी बसली आहे. पण ज्यांच्या दारात पुराचे पाणी येत नाही, अशा दुसऱ्या मजल्यावरच्या सत्तरीपुढच्या जोडप्याने टँकरपासून कळशी वर कशी न्यायची, याचा विचार कोणत्याही आराखड्यात नव्हता. आमच्या भागात ते काम तालमीच्या पोरांनी केले. एरवी तालमींच्या फुटबॉल संघांच्या हंगामात याच पोरांच्या नावाने बोटे मोडणारे आम्ही म्हातारे त्या आठवड्यात त्यांची वाट पाहत जिन्यात उभे होतो, हे नमूद केलेच पाहिजे. नोव्हेंबर २०२३ मध्ये काळम्मावाडीहून थेट पाइपलाइनचे पाणी आले, त्यामुळे परिस्थिती पालटली आहे. तरी जिना चढून पाणी नेण्याचा प्रश्न पाइपलाइनने सुटणारा नाही. तालमीतली पोरेही दर वर्षी थोडी थोडी पुण्याला जातच आहेत.

दुसरा मुद्दा नाजूक आहे आणि त्यावर घरोघर कुजबुज होते, जाहीर बोलले मात्र कमी जाते. आपल्या जिल्ह्याचे स्त्री-पुरुष प्रमाण २०११ मध्ये हजारी ९५७ होते, राज्याच्या ९२९ पेक्षा चांगले, म्हणून आपण स्वतःची पाठ थोपटून घेतली. पण या एकूण आकड्यात फसगत आहे. कामधंद्यासाठी मुंबई-पुण्याला गेलेले पुरुष त्यातून वजा होतात आणि नवऱ्यामागे जगलेल्या आज्या त्यात मिळवल्या जातात. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचा आकडा वेगळेच सांगतो : २००१ मध्ये जिल्ह्यात हजार मुलग्यांमागे ८३९ मुली, राज्यात ९१३. म्हणजे सुमारे दर सहा मुलग्यांमागे एक मुलगी कमी. शाहू महाराजांचे नाव उठता-बसता घेणाऱ्या जिल्ह्याला हा आकडा शोभणारा नव्हता. पुढे सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ (प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारे उपकरण) बसवण्याचा प्रयोग येथेच झाला, जागृती झाली आणि २०११ मध्ये प्रमाण ८६३ वर आले. तरी राज्याच्या ८९४ च्या ते खालीच राहिले.

२००१ मध्ये त्या रकान्यात असलेली मुले २०२६ मध्ये पंचवीस ते एकतीस वर्षांची आहेत. वधू-वर मेळाव्यांच्या मांडवात जाऊन बसावे, म्हणजे ८३९ चा अर्थ कळतो. मुलांच्या नोंदणीच्या टेबलापुढे रांग, मुलींच्या टेबलावर कार्यकर्ते चहा पीत बसलेले. करवीर-पन्हाळ्याकडचा मुलगा तीन एकर ऊस, चार म्हशी, गोकुळला जाणारे दूध आणि स्लॅबचे घर सांगतो, आणि मुलीचा बाप विचारतो, ‘पुण्यात फ्लॅट आहे का?’ मुलीकडच्यांना दोष देण्याचे मला कारण दिसत नाही. शेण-घाण, धारा आणि दोन वेळचा स्वयंपाक आपल्या आईच्या वाट्याला कसा आला, हे त्या मुलींनी लहानपणापासून पाहिले आहे. पण याचा परिणाम असा, की लग्न जमावे एवढ्यासाठी येथली बरी नोकरी सोडून मुलगे पुण्याला जात आहेत, आणि जे जात नाहीत त्यांची लग्ने मध्यस्थांना पैसे मोजून, कोठल्या तरी दूरच्या जिल्ह्यात किंवा परराज्यात जमवली जात आहेत. त्यातल्या काही मुली सुखाने नांदतात, काही प्रकरणे पोलिसांत जातात. पंचवीस वर्षांपूर्वी सोनोग्राफीच्या खोलीत जे ठरले, त्याचे देणे आज ही मुले आणि या मुली फेडत आहेत.

एका बाजूने माणसे जात असताना दुसऱ्या बाजूने येतही आहेत, आणि त्यांच्याकडे आपले लक्ष फारच थोडे आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींतल्या फाउंड्र्यांत भट्टीपाशी आणि साच्यांच्या कामाला आता बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाची मुले मोठ्या संख्येने आहेत. पुलाची शिरोली किंवा उचगावच्या चाळींत एका खोलीत सहा-सात जण राहतात. दिवसपाळीचे उठतात तेव्हा रात्रपाळीचे त्याच अंथरुणावर आडवे होतात. रविवारी संध्याकाळी शिरोली नाक्यावर हिंदी आणि भोजपुरी मराठीइतकीच कानावर पडते. आमच्या भागातील किराणा दुकानदाराने आता सत्तू ठेवायला सुरुवात केली आहे, आणि मला हे शहर जिवंत असल्याचे लक्षण वाटते. यांच्याविषयी नाके मुरडणाऱ्यांना मी इतकेच विचारतो, की हे शहर बाहेरून आलेल्यांखेरीज कधी उभे होते? १८९५ मध्ये शाहूपुरी वसवून महाराजांनी बाहेरचे व्यापारी आणले, १९०१ पासून एकेका समाजासाठी बोर्डिंगे काढून खेड्यापाड्यांतली पोरे शहरात आणली, खासबागेत लढायला आणि येथल्या तालमींत घुमायला उत्तरेचे मल्ल आले. वळिवड्याच्या छावणीत दुसऱ्या महायुद्धात पोलंडची विस्थापित कुटुंबे राहिली आणि फाळणीनंतर तिथेच आलेल्या सिंधी बांधवांनी गांधीनगरची कापडपेठ उभी केली. आज लग्नाचा बस्ता बांधायला आपण तिथेच जातो.

याखेरीज काही माणसे हंगामाची आहेत. कसबा बावड्याचा साखर कारखाना शहराच्या हद्दीतच येतो आणि गळीत हंगामात ऊसतोड मजुरांच्या टोळ्यांच्या पालांची वस्ती शहराच्या कडेला पडते. मागील दोन्ही जनगणनांची मोजणी फेब्रुवारीत झाली, नवीही १ मार्चच्या संदर्भाने म्हणजे फेब्रुवारीतच होणार, आणि त्या वेळी कारखाने चालू असतात. ही कुटुंबे बीडकडच्या आपल्या गावी घराला कुलूप लावून आलेली. तिथे प्रगणक गेला तर घर बंद, आणि येथे पालापर्यंत तो गेला नाही तर माणसेच कागदावरून गायब. पालातल्या पोरांचे शाळेतले नाव एका जिल्ह्यात आणि पोर दुसऱ्या जिल्ह्यात, ही अडचण शिक्षक म्हणून मी वर्षानुवर्षे पाहिली. विद्यापीठाच्या वसतिगृहांतले विद्यार्थी आणि राजारामपुरीत खोल्या घेऊन स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकांत बसणारी मुले-मुली निराळीच. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्यावर सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गाचे पक्षकार आणि वकील यांची भर पडली, आणि सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या आसपासच्या खोल्यांची भाडी डिपॉझिटसह कोठल्या कोठे गेली.

हे सगळे लिहिण्याचे कारण असे, की निर्णय अजूनही २०११ च्या माणसांवर होत आहेत. नोव्हेंबर २०२० मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपल्यानंतर पाच वर्षे प्रशासक राहिले आणि जानेवारी २०२६ मध्ये अखेर ८१ जागांसाठी निवडणूक झाली, पण तिची प्रभागरचना २०११ च्याच लोकसंख्येवर करावी लागली, कारण दुसरा आकडाच अस्तित्वात नाही. त्या आकड्यातली माणसे आज कोठे आहेत, हे शाळांचा पट पाहून कळते. एका बाजूला जरगनगरच्या महापालिका शाळेत प्रवेशासाठी पालक रांगा लावतात, ही आपल्याच वृत्तपत्रातली बातमी. दुसऱ्या बाजूला जुन्या पेठांतल्या शाळांत पोरेच नाहीत, म्हणून वर्ग एकत्र बसवावे लागतात. ज्या पेठेत शाळेच्या खोल्या रिकाम्या आहेत, तिथे वृद्धांना बसायला, रक्तदाब तपासून घ्यायला, चार जणांत जेवायला एक जागा मिळाली तर इमारतही राहील आणि माणसेही राहतील. हा विचार करायला जनगणनेचीही वाट पाहण्याची गरज नाही. प्रभागातले नगरसेवक मतदारयादी हातात घेऊन एका रविवारी बोळातून फिरले तरी पुरे.

जनगणनेपुरत्या माझ्या अपेक्षा साध्या आहेत. प्रगणन गटांचे (एकेका प्रगणकाच्या वाट्याला येणाऱ्या वस्तीचे) नजरी नकाशे तयार होतील तेव्हा महापालिका, प्राधिकरण आणि लगतच्या ग्रामपंचायती यांनी एकत्र बसून हद्दीवरच्या वसाहती तपासाव्यात, कारण रस्त्याच्या अलीकडचे घर एका गटात आणि पलीकडचे कोणाच्याच गटात नाही, असा अनुभव प्रगणकांना नवा नाही. फाउंड्रीमालकांनी आणि साखर कारखान्यांनी कामगारांच्या खोल्यांची व पालांची ठिकाणे आधीच कळवावीत. शिक्षकांवर हे काम नेहमीप्रमाणे येणारच, तेव्हा त्यांना हिंदी-भोजपुरी बोलणाऱ्या वस्त्यांत पाठवताना तिथला एखादा मुकादम सोबत द्यावा. या वेळी माहिती मोबाईलवर भरली जाणार आहे आणि स्वतःची माहिती स्वतः भरण्याचीही सोय आहे; पेठेतल्या एकट्या राहणाऱ्या वृद्धांची माहिती पुण्याच्या मुलाने दूरवरून भरताना आपले नावही सवयीने कोल्हापूरच्या घरातच टाकले, तर बंद माड्या कागदावर पुन्हा भरलेल्या दिसू लागतील. मागील वास्तव्य कोठे होते, तेथून का आलात, कामावर किती लांब जाता, हे प्रश्न २०११ च्या तक्त्यात होते आणि ते विचारताना मलाच अनेकांनी ‘गुरुजी, टाका काहीतरी’ असे सांगितले होते. नव्या तक्त्यातही ते आले, तर वाचकांनी त्यांची उत्तरे नीट द्यावीत, आणि उचगाव-पाचगावच्या वाचकांनी कामावर जाण्याच्या अंतराच्या रकान्यात कोल्हापूरपर्यंतचे अंतर सांगायला संकोचू नये. त्यामुळे हद्दवाढीला संमती दिली असे होत नाही.

कळावे.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर